सामाजिक समता आणि आर्थिक न्याय : म्हैसूर-बंगळूरचा अनुभव

१९६८ च्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील मेंफिस शहराच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. संपकऱ्यांची संख्या सुमारे तेराशे होती आणि ते जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय होते. संपापूर्वी थोडेच दिवस आधी कचरा दाबणाऱ्या गाडीच्या यंत्रात सापडून त्यांच्यापैकी दोघे मरण पावले होते. मागण्या मजुरीवाढीच्या आणि संघटनेला मान्यता मिळण्याच्या होत्या. परंतु मोर्च्यात गळ्यात अडकवलेल्या फलकांवर मजुरीचा आकडा नव्हता. आपण माणूस आहोत, एवढेच त्यांवर लिहिले होते. वर्णावरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदानहक्क कायदा हे दोन्ही तोपर्यंत अमलात आलेले होते. उपाहारगृहाचे दार कायद्याने उघडले, पण आत बसून खाण्यापुरते पैसे खिशात नसतील तर त्या उघड्या दाराचा उपयोग काय, अशा आशयाचा प्रश्न मार्टिन लूथर किंग यांनी या कामगारांसमोर उभा केला. त्यांच्याच पाठिंब्यासाठी मेंफिसला आले असता ४ एप्रिल रोजी किंग यांची हत्या झाली.

वंश आणि जात या एकच गोष्टी नव्हेत. जात कातडीच्या रंगावरून ओळखता येत नाही, आणि तिच्यामागे धर्मशास्त्राचा जो आधार उभा केला गेला तसा वर्णभेदाच्या मागे त्या स्वरूपात नव्हता. तरीही दोहोंमधील साम्य डॉ. आंबेडकरांच्या नजरेतून सुटले नव्हते. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. जन्मावरून माणसाचा दर्जा ठरतो, दर्जावरून त्याचे काम ठरते आणि कामावरून त्याची मिळकत ठरते. मग त्या अल्प मिळकतीकडे बोट दाखवून त्याचा दर्जा हीनच आहे असे सिद्ध केले जाते. हे चक्र दोन्हीकडे सारखेच फिरते. मराठी वाचकाला यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. महार वतन हे त्याचे चोख उदाहरण होते. तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात गावाची आणि सरकारची अमर्याद चाकरी करण्याचे बंधन वतनदारावर असे. ते वतन जमीनधारणा होते की सामाजिक हीनतेचा दाखला होता, हे वेगळे करून सांगणे अशक्य होते. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले ते या दोन्ही अंगांचा विचार करूनच.

दोन अंगांपैकी कोणते आधी हाताळावे, याविषयी राजकारणात सतत वाद होत आला आहे. पूर्वीचे म्हैसूर संस्थान आणि पुढचे कर्नाटक राज्य यांचा इतिहास या वादाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. येथे या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे केवळ चर्चिली गेली नाहीत, तर सरकारी हुकूम होऊन अमलात आली. आणि प्रत्येक उत्तरातून कोण सुटून गेले हेही कालांतराने दिसले.

पहिले उत्तर होते सरकारी नोकऱ्यांचे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या हुकुमान्वये आपल्या संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या होत्या. म्हैसुरात ब्राह्मणेतरांची 'प्रजामित्र मंडळी' १९१७ मध्ये स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी तिचे शिष्टमंडळ महाराज चौथे कृष्णराज वडियार यांना भेटले. संस्थानच्या लोकसंख्येत ब्राह्मण चार टक्क्यांहून कमी होते, तर वरिष्ठ पदांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक पदे त्यांच्याकडे होती. महाराजांनी १९१८ मध्ये मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सात वर्षांच्या आत वरिष्ठ जागांपैकी किमान निम्म्या आणि कनिष्ठ जागांपैकी दोन-तृतीयांश ब्राह्मणेतरांकडे जाव्यात, अशी शिफारस समितीने केली आणि १९२१ मध्ये तसा हुकूम निघाला.

दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना हे धोरण मान्य नव्हते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे मराठी मुलखातही नाव मिळवलेले हे थोर अभियंते कार्यक्षमतेला सर्वोच्च स्थान देत. उद्योगधंदे, धरणे आणि शिक्षण यांचा विस्तार झाला म्हणजे सर्वांचीच स्थिती सुधारेल, असा त्यांचा विश्वास होता. १९१८ च्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडले. त्यांचा विरोध केवळ जातीच्या अभिमानातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु संपत्ती वाढली की ती आपोआप तळापर्यंत झिरपते, हा त्यांचा विश्वास भाबडा होता, असेही म्हणणे भाग आहे. धरणाचे पाणी ज्याच्याजवळ शेत आहे त्याच्याच शेतात जाते.

मिलर समितीच्या धोरणाचा लाभ कोणाला झाला? 'ब्राह्मणेतर' हा शब्द मोठा सोयीचा होता. त्यात गावचा जमीनदार लिंगायत किंवा वोक्कलिग होता आणि त्याच्याच शेतावर राबणारा अस्पृश्यही होता. हातात जमीन असल्यामुळे पहिल्याला मुलगा बंगळूरच्या शाळेत पाठविता आला. दुसऱ्याला ते जमले नाही. समान पात्रता असल्यास दलित वर्गांना अग्रक्रम द्यावा, असे समितीने म्हटले होते. ती समान पात्रता यावी कोठून, याचे उत्तर हुकुमात नव्हते. प्रा. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्याच्या अभ्यासातून 'प्रभावी जाती'ची जी कल्पना मांडली, तिचे मूळ याच वस्तुस्थितीत आहे. संख्या, जमीन आणि त्यांच्या जोडीला शिक्षण व सत्ता एकत्र आली, की एखादी जात धार्मिक उतरंडीत वर नसली तरी गावावर राज्य करू शकते. १९५६ मध्ये भाषिक पुनर्रचना झाल्यापासून १९७१ पर्यंत राज्याचे सर्व मुख्यमंत्री लिंगायत समाजातील होते, हा निव्वळ योगायोग नव्हता.

दुसरे उत्तर न्यायालयामुळे पुढे आले. म्हैसूर सरकारने जुलै १९६२ च्या आदेशाने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील एकूण ६८ टक्के जागा राखीव केल्या. बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरविला. निकालपत्र न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे होते. केवळ जात हा मागासलेपणाचा निकष असू शकत नाही, आणि राखीव जागा सर्वसाधारणपणे पन्नास टक्क्यांच्या आत असाव्यात, ही दोन्ही सूत्रे त्यातूनच रूढ झाली. त्यावर राज्य सरकारने १९६३ मध्ये दुसऱ्या टोकाची उडी घेतली. जातीचा उल्लेखच काढून टाकण्यात आला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि पालक प्रत्यक्ष शेती कसणारा, कारागीर, छोटा व्यापारी, कनिष्ठ नोकर किंवा अंगमेहनतीचे काम करणारा असावा, म्हणजे तो मागासलेला, अशी व्याख्या झाली. १९६४ च्या चित्रलेखा खटल्यात न्यायालयाने ती ग्राह्य धरली.

कागदावर ही व्याख्या निर्दोष दिसते. गरिबाला जात नसते, असे म्हणणाऱ्यांचे समाधान करणारी ती होती. पण व्यवहारात काय होते ते पाहावे. शेतीच्या उत्पन्नाचा हिशेब कोणी ठेवत नाही. गावच्या कारभाऱ्यांशी ज्याची सोयरीक आहे त्याला उत्पन्नाचा दाखला सहज मिळतो. 'प्रत्यक्ष शेती कसणारा' या शब्दांत वीस एकरांचा धनी बसतो, आणि त्याच्याकडे सालाने राबणारा मजूरही अंगमेहनतीच्या सदरात बसतो. परंतु दोघांची मुले एकाच परीक्षेला बसतात तेव्हा कोण पुढे जाणार, हे सांगायला आयोग नेमावा लागत नाही. या निकषाने गरिबी मोजली. गरिबीतून बाहेर पडण्याच्या वाटेवर कोणासाठी किती अडथळे आहेत हे मोजले नाही. उत्तम गुण मिळवूनही गावातल्या हॉटेलात ज्याला वेगळ्या कपात चहा मिळतो, त्याची गरिबी आणि त्याच्या सवर्ण वर्गबंधूची गरिबी सारख्याच रुपयांत लिहिता येते, पण त्या सारख्या नसतात.

हा वाद संपला आहे असे नव्हे. १९८५ च्या वसंतकुमार खटल्यात कर्नाटकाचाच प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा पाच न्यायमूर्तींनी पाच वेगवेगळी मते लिहिली. न्या. देसाई आर्थिक निकषाच्या बाजूने होते, न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी जात आणि दारिद्र्य यांचे नाते उलगडून दाखविले. २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्के जागा ठेवल्या, मात्र त्यातून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग वगळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती दुरुस्ती तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरली. १९६३ च्या म्हैसूर आदेशात निदान सर्व जातींच्या गरिबांना जागा होती, एवढा फरक नोंदवून पुढे जावयास हरकत नाही.

तिसरे उत्तर अधिक खोलवर जाणारे होते. मार्च १९७२ मध्ये देवराज अरस मुख्यमंत्री झाले. हुणसूर तालुक्यातील कल्लहळ्ळीचा हा शेतकरी अरसू या अतिशय लहान समाजातला होता. राजघराण्याशी त्या समाजाचे नाते असले तरी मतांच्या हिशेबात त्याला किंमत नव्हती. त्यामुळे सत्ता टिकवायची तर ज्यांना कोणी एकत्र केले नव्हते त्या लहानसहान जातींना, दलितांना आणि अल्पसंख्यकांना एकत्र आणणे त्यांना भाग होते. राजकीय गरज आणि न्यायबुद्धी यांचा असा मेळ क्वचित बसतो, आणि बसला म्हणजे हेतूच्या शुद्धतेविषयी फार चिकित्सा करण्यात अर्थ नसतो.

अरस यांनी दोन्ही टोके एकदम हाती घेतली. ऑगस्ट १९७२ मध्ये एल. जी. हावनूर यांच्या अध्यक्षतेखाली मागासवर्ग आयोग नेमण्यात आला. त्याने नोव्हेंबर १९७५ मध्ये अहवाल दिला. मागासलेल्यांतही थर असतात हे ओळखून त्याने समुदाय, जाती व जमाती असे निरनिराळे गट पाडले, आणि लिंगायतांना यादीत घेतले नाही. १९७७ च्या सरकारी आदेशाने या गटांबरोबरच उत्पन्न व व्यवसाय यांवर आधारलेला एक 'विशेष गट'ही ठेवला. म्हणजे १९६३ चा निकष टाकून दिला नाही, त्याला त्याच्या योग्य जागी बसविले.

त्याच वेळी जमिनीचा कायदा बदलला. १९६१ चा भूमिसुधारणा कायदा पळवाटांनी पोखरलेला होता. १ मार्च १९७४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने कुळांकडे असलेली सर्व जमीन सरकारजमा झाली आणि कुळाने अर्ज करून ती आपल्या नावे करून घ्यावी असे ठरले. महाराष्ट्रातील वाचकांना १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाची यावरून आठवण होईल. कर्नाटकातील योजनेचे वैशिष्ट्य तिच्या अंमलबजावणीत होते. तालुक्यातालुक्यांत भूमिन्यायाधिकरणे नेमली गेली. त्यांत महसूल अधिकाऱ्याबरोबर बिनसरकारी सदस्य असत आणि एक सदस्य अनुसूचित जाती-जमातींचा असे. वकिलांना तेथे उभे राहण्यास मनाई होती. कुळाला कागद दाखविता येत नसे, कारण जमीनदाराने कागद कधी केलेलाच नसे. अशा वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष घेतली जाई. आठ लाखांहून अधिक अर्ज आले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक कुळांच्या बाजूने निकालात निघाले. किनारपट्टीवर, जेथे 'चालगेणी' म्हणजे मालकाच्या मर्जीने कसणारी कुळे मोठ्या संख्येने होती, तेथे एका पिढीत गावाचे रूप पालटले. धन्याच्या अंगणात खाली मान घालून उभा राहणारा माणूस त्याच्याच न्यायाधिकरणासमोर वादी म्हणून उभा राहिला. ही गोष्ट सात-बारावरच्या नोंदीइतकीच महत्त्वाची होती.

अरस यांची कारकीर्द निष्कलंक नव्हती. भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी ग्रोव्हर आयोगाने केली. कायद्याच्या अंमलबजावणीचा बराच भाग आणीबाणीच्या काळात पार पडला, ही गोष्टही सोयीची नसली तरी विसरता येत नाही. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून मोठी उणीव वेगळी होती. कूळकायदा कुळांना जमीन देतो, आणि म्हैसूरच्या पठारी जिल्ह्यांतील दलित बहुतांशी कूळ नव्हतेच. ते मजूर होते. त्यांना राहत्या घराची जागा मिळाली, कर्जमाफी मिळाली, वेठबिगारीतून कायद्याने मुक्तता मिळाली. सरकारने पूर्वी दिलेली जमीन त्यांच्या हातून निसटू नये म्हणून १९७८ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. शेत मात्र थोड्यांनाच मिळाले. जे गाव सोडून बंगळूरला आले त्यांच्यासाठी शहराने एक काम आधीच राखून ठेवले होते.

त्या कामाकडे सरकारचे लक्ष वेधणारे मंत्री होते बी. बसवलिंगप्पा. अरस मंत्रिमंडळात नगरप्रशासन खाते सांभाळताना या दलित नेत्याने डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद करण्याचा आदेश काढला. नोव्हेंबर १९७३ मध्ये म्हैसूरच्या एका सभेत त्यांनी कन्नड साहित्यातील बराचसा भाग 'बूसा', म्हणजे गुरांना घालायचा भुसा, आहे असे म्हटले. त्यावरून राज्यभर दंगा उसळला, दलित विद्यार्थ्यांना मारहाण झाली आणि बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावे लागले. मैल्याच्या टोपलीविषयी इतकी वर्षे जे गप्प राहिले, ते एका शब्दाने पेटून उठले, हे पुष्कळांच्या लक्षात आले. मुंबईत १९७२ साली अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव डोळ्यांसमोर ठेवून दलित पँथर उभी राहिली होती. कर्नाटकात या प्रकरणातून दलित संघर्ष समितीची चळवळ आकाराला आली. बी. कृष्णप्पा, देवनूर महादेव, सिद्धलिंगय्या हे तिचे अग्रणी लेखक-कवी होते, आणि जमीन व मजुरी हे तिच्या लढ्यांचे विषय होते.

बंगळूरमध्ये रस्ते झाडणाऱ्यांना 'पौरकार्मिक' म्हणतात. शब्द भारदस्त आहे. नगराचे काम करणारा, असा त्याचा अर्थ. हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत आणि पुष्कळांची घरची भाषा तेलुगू आहे. रायलसीमेच्या दुष्काळी भागातून त्यांची कुटुंबे पूर्वी येथे आली. या एका नोकरीत त्यांच्यासाठी राखीव जागांची मागणी कोणाला कधी करावी लागली नाही. आय. पी. डी. सलप्पा समितीने १९७६ च्या अहवालात त्यांची घरे, वेतन आणि कामाचा बोजा यांविषयी सविस्तर शिफारशी केल्या. दर पाचशे लोकसंख्येमागे एक कामगार असावा, हे प्रमाण आजही त्या समितीच्या नावाने सांगितले जाते.

पण १९९० नंतरच्या दशकांत नेमके उलटे घडले. शहर संगणक उद्योगामुळे जगभर गाजू लागले आणि त्याच काळात त्याची झाडलोट कंत्राटदारांच्या हाती गेली. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. राखीव जागा कायम पदांना लागू होत; कंत्राटाला त्या लागू होत नसत. कायम पदाबरोबर निवृत्तिवेतन, रजा आणि बढतीची शक्यता येते. कंत्राटाबरोबर मुकादमाची मर्जी येते. झाडूवालीची मुलगी शिकून कारकून होईल, ही समतेची वाट आईच्या नियमित पगारावर उभी असते. तो पगार काढून घेतला की संविधानातील एकही अक्षर न बदलता ती वाट बंद होते. हजेरीपटावर खोटी नावे घालून कंत्राटदार पैसे उचलत, प्रत्यक्ष राबणाऱ्यांना मात्र महिनोन्महिने पगार मिळत नसे. कामाच्या ठिकाणी शौचालय नाही, प्यायला पाणी नाही आणि मागितले तर घरमालक वेगळ्या भांड्यातून देतो, या तक्रारींत मजुरीचा प्रश्न कोठे संपतो आणि अस्पृश्यतेचा कोठे सुरू होतो, ते सांगता येत नाही.

संघटनेच्या दीर्घ लढ्यानंतर २०१८ च्या सुरुवातीला महापालिकेने कंत्राटदाराला वगळून झाडूकामगारांच्या खात्यात थेट पगार जमा करण्यास सुरुवात केली. नव्या व्यवस्थेतही काहींची नावे यादीत चढली नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये अनेक महिने पगार न मिळालेल्या एका कामगाराने आत्महत्या केली. १ जुलै २०२२ रोजी पौरकार्मिकांनी शहराच्या मध्यभागी असलेल्या फ्रीडम पार्कमध्ये बेमुदत आंदोलन सुरू केले. ही जागा पूर्वी मध्यवर्ती कारागृह होती आणि आणीबाणीत देशातील मोठे नेते येथेच स्थानबद्ध होते. चार दिवस शहरातला कचरा उचलला गेला नाही. मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या सरकारने सेवा कायम करण्याचे लेखी आश्वासन दिले, आणि सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राज्यभरातील अकरा हजारांवर पदांना मंजुरी दिली. १ मे २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या हस्ते बंगळूरमधील साडेबारा हजारांहून अधिक पौरकार्मिकांना नियुक्तिपत्रे देण्यात आली. स्वतः मागासवर्गीय असलेल्या आणि अरस यांचे नाव वारंवार घेणाऱ्या या मुख्यमंत्र्यांच्या हातून हे झाले, यात एक सलगता आहे. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये जुनी महापालिका जाऊन तिच्या जागी पाच नगरपालिका आल्या.

ही नियुक्तिपत्रे रस्ते झाडणाऱ्यांसाठी होती. २०२२ च्या संपात झाडूवाल्यांच्या मागण्यांबरोबर घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या गाड्यांचे चालक, मदतनीस आणि कचरा भरणारे हमाल यांच्याही मागण्या होत्या. त्यांची जात बहुधा तीच आणि वस्तीही तीच. आई झाडू मारते आणि मुलगा घंटागाडीवर उभा राहतो, अशी घरे त्यांत आहेत. आईला शासनाचा शिक्का असलेला कागद मिळाला. मुलासाठी २०२२ च्या मंत्रिमंडळाच्या निर्णयात जागा नव्हती.